नाळे बा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या दारावर एके काळी खडूने दोन शब्द लिहिलेले होते, ‘नाळे बा’. कन्नड अक्षरांत. म्हणजे उद्या ये.

नव्वदच्या दशकात ही आवई कर्नाटकात गावोगाव फिरली. रात्री एक बाई येते, दार वाजवते आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. आईच्या, नवऱ्याच्या, परगावी गेलेल्या लेकाच्या. दार उघडलंत की संपलात. उपाय एकच, दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवायचं. ती वाचते, बरं म्हणून माघारी फिरते, दुसऱ्या रात्री येते, पुन्हा तेच वाचते. आमच्या गल्लीत एका आठवड्यात सगळी दारं खडूने रंगली. आजीने शेजारच्या हातमागवाल्यांच्या मुलाकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं, जरा लांब उभी राहून पाहिलं आणि मला म्हणाली, “खाली मराठीत बी लिही गं. ती कुठली हाय कुणाला ठावं.”

मी लिहिलं, ‘उद्या ये’. सीमाभागातलं भूत, दोन्ही भाषांत सोय केलेली बरी. धाकट्या चुलतभावाने विचारलं, तिला वाचायलाच येत नसेल तर? त्यावर त्याला झोपायला पाठवण्यात आलं.

पुढे माझ्या नोकरीचा एक मोठा हिस्सा दारावर ‘नाळे बा’ लिहिण्यात जाणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यालाही झोपायला पाठवलं असतं.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी कॉम्प्युटर सेक्शन सांभाळते. सेक्शन म्हणजे मी, एक टेबल आणि पॅटर्न शॉपच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, जिथे वाळूची बारीक धूळ रोज न चुकता येते. २००६च्या सुमाराला मालकांनी स्वतःचा मेल सर्व्हर बसवायचं ठरवलं. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारी गिऱ्हाइकं ड्रॉइंग मेलवर पाठवू लागली होती आणि फुकटच्या खात्यात ती मावत नव्हती. लिनक्सचं एक मशीन, त्यावर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स हा प्रोग्राम, आणि सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे स्पॅमच्या ढिगातून पर्चेस ऑर्डर वेचून काढणं. तांदळातले खडे वेचतात तसं नाही, खड्यांतले तांदूळ वेचायचे.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मी केला. मजकूर वाचणारा फिल्टर. अमुक शब्द आला की गुण, गुण वाढले की कचरा. पण फाउंड्रीची भाषा त्या फिल्टरच्या पचनी पडेना. रॉड, हार्ड, हीट हे आमचे दिवसाला शंभरदा उच्चारायचे शब्द. त्याला त्यात भलतंच काहीतरी दिसायचं. कनेक्टिंग रॉडची चौकशी कचऱ्यात आणि गोळ्याऔषधांच्या जाहिराती मालकांच्या पुढ्यात. मालक खालून ओरडायचे, “मॅडम, मला ह्या वयात ह्या गोळ्या कोण पाठवूलालंय ओ?” मोल्डिंगची पोरं हसायची. मी नवे शब्द यादीत घालायचे, समोरचा अक्षरांमध्ये टिंबं घालून पाठवायचा. पत्र वाचून माणूस ओळखायचा म्हटलं तर पत्र लिहिणाराच आपल्यापेक्षा हुशार निघतो.

मग कधीतरी लक्षात आलं की पत्र हातात पडण्याच्या आधीही काहीतरी घडत असतं. दारातलं बोलणं.

ते बोलणं फार साधं आहे आणि जुनं आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी त्याचे नियम लिहून काढले, आणि ढाचा आजही तोच. बाहेरचा सर्व्हर आमचं दार वाजवतो. आमचा म्हणतो, २२०, बोला. तो म्हणतो, हेलो, मी अमुक. आमचा म्हणतो, २५०, बरं. तो म्हणतो, पत्र अमक्याकडून आहे. २५०. तमक्यासाठी आहे. २५०. मग आमचा म्हणतो ३५४, आणि पत्र आत येतं. नको असेल तर ५५०. प्रत्येक उत्तराचा पहिला आकडाच काय तो महत्त्वाचा. दोनाने सुरू झालं तर होकार, पाचाने सुरू झालं तर कायमचा नकार.

यात ‘मी अमुक’ आणि ‘अमक्याकडून’ या दोन्ही गोष्टी येणारा स्वतःच सांगतो आणि ऐकणारा मान्य करतो. पोस्टेल यांच्या वेळी हे चालून गेलं, कारण जाळ्यावर होते ते संशोधक, विद्यापीठं, सरकारी प्रयोगशाळा. बहुतेक एकमेकांना ओळखून. अर्थात तेव्हाही अगदीच सोवळं नव्हतं. १९७८च्या मे महिन्यात कॉम्प्युटर कंपनीतल्या गॅरी थर्क नावाच्या एका विक्रेत्याने आपल्या मशीनची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या, सुमारे चारशे जणांना एका दमात पाठवली होती. बोलणी खाल्ली. पण त्याने नाव तरी स्वतःचं घातलं होतं. आमच्या दारात येणारे मात्र सगळे दुसऱ्याच्या आवाजात हाका मारत होते. बँकेच्या, गिऱ्हाइकाच्या, एकदा तर माझ्याच. माझ्या पत्त्यावरून मलाच पत्र.

दोनाचा होकार आणि पाचाचा नकार, यांच्या मध्ये एक चार आहे. ४५०. अर्थ असा की, आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. चाराने सुरू होणारी उत्तरं अडचणीसाठी ठेवलेली, डिस्क भरली असेल, मशीन दमलं असेल तर. २००३ साली इव्हान हॅरिस यांनी एक युक्ती मांडली की, काहीही अडचण नसताना हे उत्तर द्यायचं. अनोळखी कुणी आलं की पहिल्यांदा सरसकट चाराचं उत्तर. परत आला तर आत घ्यायचं. युक्तीचं नाव ग्रेलिस्टिंग. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने म्हणाले, “अय्या, हे तर नाळे बा!”

युक्ती चालली, कारण सच्चा मेल सर्व्हर पोस्टमनसारखा असतो. दार बंद मिळालं तर पत्र फेकून देत नाही, पिशवीत परत ठेवतो. नियमच तसा आहे. अर्धा तास तरी थांबून पुन्हा यावं, आणि चार-पाच दिवस प्रयत्न केल्याशिवाय हात टेकू नयेत. स्पॅमवाल्याकडे पिशवीच नव्हती. तो लोकांच्या घरातली व्हायरस लागलेली कॉम्प्युटरं वापरायचा, आणि त्यांच्यावर बसवलेला त्याचा प्रोग्राम नुसता ओरडत पुढे पळणारा. लाखो पत्त्यांपैकी कोण काय म्हणालं हे लक्षात ठेवायचं, रांग लावायची, परत जायचं, एवढा उद्योग त्याला परवडत नव्हता. उद्या ये म्हटलं की तो दुसऱ्याच्या दारात जायचा.

मी पोस्टग्रे हा ग्रेलिस्टिंग करणारा प्रोग्राम बसवला तो शनिवार होता. उद्यमबागेत शनिवारी लाईट जायची म्हणून दोनदा तपासून घरी गेले. पोस्टग्रे एक छोटी वही ठेवतो. तीन गोष्टी टिपायच्या: कुठल्या नंबराहून, म्हणजे आयपी पत्त्यावरून, आला, कुणाचं नाव सांगितलं, कुणासाठी आला. हे त्रिकूट नवं असेल तर पाच मिनिटं बाहेर. पाच मिनिटांनंतर तेच त्रिकूट पुन्हा आलं तर आत, आणि पुढचे पस्तीस दिवस त्याला विचारायचं नाही. एखादा सर्व्हर असा पाच वेळा नीट परत आला की मग तो कुणाच्याही नावाने येवो, दार उघडं.

सोमवारी सकाळी इनबॉक्स उघडला आणि मला वाटलं, सर्व्हर बंद पडला. मूठभर पत्रं. सगळी कामाची. लॉग उघडून पाहिला तर रात्रभर दारावर जत्रा होऊन गेली होती. ओळीमागून ओळ, आला, ४५०, गेला. आला, ४५०, गेला. परतलेले मोजके, आणि परतले ते ओळखीचे. कोल्हापूरचा व्हॉल्व्हवाला, पुण्याचा पंपवाला, हुबळीचं एक वर्कशॉप.

आजीची पद्धत याहून वेगळी नव्हती. दारात कुणी नवं आलं, वर्गणीवाला, भांडीवाली, कुणाच्या तरी ओळखीचा म्हणून सांगणारा, तर ती कधी नाही म्हणायची नाही आणि आत या असंही म्हणायची नाही. “आत्ता हातात काम हाय, मागनं या.” गेला की आम्हाला सांगायची, “खरं काम असंल तर येतंय की परत.” काकतीहून ताक घेऊन येणारी बाई पहिले काही दिवस अशीच उंबऱ्याबाहेर उभी असायची. मग कधीतरी ती स्वयंपाकघरापर्यंत आली. आजीने वही ठेवली नव्हती एवढंच.

तेव्हा मी आजीला हे सांगायचा प्रयत्न केला होता. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “आनि ज्याला परत यायला जमत न्हाई त्याचं काय?”

हा प्रश्न मी तेव्हा सोडून दिला. महिन्याभरात तो शिरोलीहून फोनवर आला. शिरोली एमआयडीसीतलं आमचं एक जुनं गिऱ्हाईक. ऑर्डर पाठवून आठ दिवस झाले, तुम्ही कास्टिंग धरलंय की नाही? ऑर्डर आलीच नव्हती. लॉगमध्ये ते सापडले. आले, ४५०, गेले. त्यांच्याकडे मालकांच्या भाच्याने लिहिलेला एक प्रोग्राम होता. तो ऑर्डर तयार करायचा आणि मधे कुणाला न घालता थेट आमच्या दारात आणून द्यायचा. त्याच्याकडेही पिशवी नव्हती. एकदा दार वाजवायचं, नाही उघडलं तर संपलं. माझ्या परीक्षेत तो आणि चोर सारखेच ठरले. भाचा तोवर बंगळूरला नोकरीला गेलेला, प्रोग्रामला हात लावणारं कुणी नाही. मग मी व्हाइटलिस्टच्या, म्हणजे न अडवायच्या नंबरांच्या, फाइलमध्ये त्यांच्या मशीनचा नंबर घातला आणि शेजारी कॉमेंट लिहिली, ‘शिरोली, घरचे, विचारू नये’.

ती फाइल हळूहळू वाढत गेली. मोठमोठ्या कंपन्यांचेही नंबर त्यात गेले, पण उलट कारणाने. त्यांच्याकडे पोस्टमन इतके, की पहिल्यांदा एक येतो, परत दुसराच येतो. वहीला वाटतं, हा नवा, पुन्हा ४५०. मग तिसरा येतो. पत्र संध्याकाळपर्यंत दारोदार.

आणि ओटीपी. ई-टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी अकाउंट्सचे भाऊ ओटीपीची वाट बघत बसलेले, ओटीपीची मुदत दहा मिनिटं, आणि पाठवणारा अर्ध्या तासाने परत येणारा. नियमाला धरून वागणारा, बिचारा. त्या दुपारी मी जे ऐकलं ते लिहीत नाही. भाऊंचं मराठी एरवी सोज्वळ असतं, चिडले की कन्नडमध्ये जातात.

पाच मिनिटं फार वाटू लागली म्हणून मी पुढे सहा सेकंदांवर आले, ४५० मात्र अगदीच सोडला नाही. २०११ साली पोस्टफिक्समध्ये पोस्टस्क्रीन नावाचा एक द्वारपाल आला. त्याची परीक्षा मला आजही सगळ्यांत आवडते. दार वाजलं की तो ‘२२०’ म्हणतो, पण त्यापुढे एक छोटी रेघ ठेवतो. रेघ म्हणजे माझं बोलणं अजून संपलेलं नाही. आणि सहा सेकंद गप्प बसतो. रीतभात जाणणारा सर्व्हर थांबतो. घाईतला चोरटा प्रोग्राम यजमानाचं ऐकतच नाही, सहा सेकंद संपायच्या आत हेलो म्हणून मोकळा होतो आणि तिथेच पकडला जातो. पंगतीत श्लोक संपायच्या आधी भातात हात घालणारा असतो ना, तसा. त्याला वाढणारे लगेच ओळखतात, कुणी सांगावं लागत नाही.

या दोन्ही परीक्षांमध्ये एक गोष्ट होती जी मला तेव्हा नीट शब्दांत सांगता आली नसती. त्या कागद मागत नव्हत्या. तू कोण, कुठला, कुणाच्या ओळखीचा, असं काही नाही. थांबतोस का, परत येतोस का, बस. लॅपटॉपवर चालणारा एकांडा सर्व्हर आणि बँकेचा सर्व्हर दोघे सारखे.

कागदांचं मला वावडं आहे, आणि इथे जन्मलेल्या कुणालाही थोडंफार असतंच. आजीचा जन्म शहापूरचा. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. १९४८ला ती मुंबई राज्यात आली, १९५६ला म्हैसूर राज्यात, १९७३ला कर्नाटकात. घर तेच, जातं तेच, उंबराही तोच. जुन्या खरेदीखतात तिचं नाव मराठीत, नव्या उताऱ्यावर कन्नडमध्ये, रेशनकार्डावर इंग्रजीत, आणि तिन्ही उलटीकडून वाचली तर तीन बायका निघतात. २०१४ला गावाचंही सरकारी नाव बदललं. आमच्या बोलण्यात बेळगाव, लेटरहेडवर बेळगाम, जीएसटीच्या दाखल्यावर बेळगावी.

मेलच्या दुनियेत या तपासणीला रिव्हर्स लुकअप म्हणतात. नावावरून नंबर सापडतो. आता नंबरावरून नाव शोधा, आणि दोन्ही जुळतंय का बघा. ऐकायला वाजवी. पण नंबरावरून नाव लावणं तुमच्या हातात नसतं, नंबर ज्याच्या मालकीचा त्याच्या हातात असतं, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या. आमच्या नंबरापुढे तिने लांबलचक आकड्यांचं काहीतरी लावून ठेवलं होतं. आमचा सर्व्हर कुणाच्या दारात जाऊन म्हणायचा, मी अमुक फाउंड्री. समोरचा नंबर उलटा करून बघायचा आणि म्हणायचा, नाव तर वेगळंच दिसतंय. ५५०. त्या कंपनीला मी पाच आठवडे फोन करत होते. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून, आणि प्रत्येकाचं म्हणणं, मॅडम, तुमचं नेट तर चालू दिसतंय.

ते जुळलं तेव्हा काळी यादी आडवी आली. १९९७मध्ये पॉल व्हिक्सी यांनी सुरू केलेली ही पद्धत. बदनाम नंबरांची यादी करायची आणि कुणालाही क्षणात विचारता येईल अशी ठेवायची. नंबराचे चार आकडे उलटे मांडून विचारायचं, १२७ने सुरू होणारं उत्तर आलं तर समजायचं यादीत आहे. उत्तम सोय, मीही वापरली. पण आमच्या नंबराच्या आसपास कुणाचं तरी मशीन स्पॅम ओकत होतं आणि यादीवाल्याने सगळी गल्लीच वाळीत टाकली. जर्मनीला जाणारं आमचं कोटेशन परत आलं. मालकांनी विचारलं, “आपन काय केलाव ओ?” काही नाही, शेजार. हे त्यांना दोन वाक्यांत समजलं. एखाद्या गावच्या वाट्याला काय येतं हे या भागात समजावून सांगावं लागत नाही.

मग एकेक कागद जमवले. एसपीएफ, म्हणजे आमच्या नावाने पत्र कुठल्या मशीनने आणलं तर खरं मानावं याची जाहीर यादी. डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक पत्रावर मोहोर. डीमार्क, म्हणजे या दोन्हीत न बसणाऱ्याचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने ढिगाने पत्रं पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले, आणि छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक आणि तो उलटा नंबर नीट हवाच. माझी तक्रार नाही. दुसऱ्याच्या आवाजात हाक मारणं यामुळे खरोखर अवघड झालं आहे. बँकेच्या नावाने कुणीही उठून पत्र टाकावं हे दिवस गेले.

पण चोराने काय केलं? त्यानेही कागद केले. माझ्यापेक्षा लवकर आणि माझ्यापेक्षा नीट.

मागच्या पावसाळ्यात भाऊंना मालकांच्या नावाने मेल आली. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यात ताबडतोब पैसे भरा, प्लीज. डोमेन आमचंच वाटावं असं, एक अक्षर तेवढं फिरवलेलं. मी नंतर मेलचे हेडर, म्हणजे तिच्या प्रवासाच्या नोंदी, उघडले. एसपीएफ पास. डीकेआयएम पास. डीमार्क पास. उलटा नंबर जुळलेला. सहा सेकंद शांतपणे थांबलेला. आणि ४५० मिळाल्यावर, लॉगमध्ये स्वच्छ दिसत होतं, बरोबर तासाभराने परत आलेला. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. ते फिरवलेलं नाव त्याने रीतसर विकत घेतलं होतं आणि त्या नावाने तो खरा होता.

आजीच्या भुताला कुणीतरी सांगितलं होतं, उद्या खरंच ये.

भाऊंनी पैसे भरले नाहीत. का, तर मेलमध्ये ‘प्लीज’ होतं. मालक बत्तीस वर्षांत कुणाला प्लीज म्हणालेले नाहीत, आणि काही हवं असेल तर शेकआउट मशीनच्या धडधडाटावरून ओरडून सांगतात, मेल लिहीत नाहीत. भाऊ उठले आणि केबिनमध्ये गेले. मालक कुंदा खात बसले होते. “कसले पैसे?” म्हणाले. आणि भाऊंना कुंदा दिला.

या दिवाळीनंतर आमची मेल एका मोठ्या क्लाउड सेवेवर गेली. निर्णय माझाच. पॅटर्न शॉपच्या वरच्या खोलीत दिवसरात्र एक मशीन सांभाळत राहणं, रात्री उठून काळ्या याद्या बघणं, आता नको वाटतं. तिकडे दारावर कोण उभा असतो आणि तो काय विचारतो हे मला दिसत नाही. पत्रं येतात. कधी येत नाहीत. का आली नाहीत हे विचारायला लॉग नाही.

मशीन बंद करायच्या आधी व्हाइटलिस्टची फाइल उघडली. नव्या ठिकाणी न्यायची म्हणून. एकेचाळीस ओळी. निम्म्या नंबरांवर आता कुणीच नाही. काही कारखाने बंद झाले, काहींनी आमच्यासारखंच मशीन बंद केलं. शिरोलीचं गिऱ्हाईक आता व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवतं. त्यांच्या नंबरापुढे माझी कॉमेंट तशीच होती, ‘घरचे, विचारू नये’. नव्या सेवेच्या फॉर्ममध्ये नंबर टाकायला चौकट आहे, कॉमेंटला नाही.

मी नंबर टाकला. मग फाइलची प्रिंट काढली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. भाऊंनी विचारलं, काय मॅडम, काय नेऊलालाय? म्हटलं, काही नाही, याद्या.